पाच दहाची गाडी

टक्, टक्, टक्. आणि मग एक हलकी फुंकर.

नखाने माइकवर तीन टिचक्या मारायच्या, जाळीत फुंकर घालायची आणि मगच बोलायला तोंड उघडायचं, असा माझ्या मुलीच्या सरांचा शिरस्ता होता. लॅपटॉपच्या लहानशा स्पीकरमधून ती फुंकर आमच्या नांदेडच्या घरात उतरे, तेव्हा कुणीतरी अगदी कानाशी सुपातली ज्वारी पाखडल्यासारखं वाटे. आजही संध्याकाळी पाचच्या सुमारास कुठे टकटक झाली, खिडकीच्या काचेवर चिमणीने चोच मारली तरी, माझे ओठ आपोआप मिटतात. ओठ मिटणं मी त्यांच्याकडून शिकले. शब्दांवर पोट असलेल्या बाईला ते शिकायला चाळिशी उलटावी लागली, हे सांगताना आता संकोच वाटत नाही.

ते निलंग्याचे. सारी नोकरी त्यांनी एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून केली. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती उशिरा येणार, कोणती रद्द झाली, हे जाळीच्या खिडकीमागे बसून माइकवर सांगायचं आणि गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा वहीत टिपायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठलंसं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं आणि लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवू लागले. अक्षरांच्या नावांवरून नव्हे, अक्षरांच्या आवाजांवरून. एका वेळी एकच मूल, पडद्याच्या अलीकडे मूल आणि पलीकडे ते. जग याला फोनिक्स म्हणतं. ते 'आवाजाचं वाचन' म्हणत.

लातूरच्या माझ्या मैत्रिणीने मला त्यांचा नंबर दिला. तिच्या मुलाला त्यांनी वाचतं केलं होतं. "माणूस तऱ्हेवाईक आहे," ती म्हणाली. "चेहरा दाखवत नाही. नुसतं तोंड दाखवतो. पहिल्या दिवशी घाबरू नकोस."

खरंच तसं होतं. कॅमेरा त्यांनी असा लावला होता की पडद्यावर नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंतचा भागच दिसे. पिकलेल्या जांभळाच्या रंगाचे, सुपारीने थोडे चिरलेले ओठ. दातांची रांग, तिच्यातला एक किंचित पुढे आलेला दात. वरच्या ओठावरची त्वचा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ, जणू बरीच वर्षं ऊन न पाहिलेली. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, कॅमेरा जरा वर घेता का?"

"कामून?"

"चेहरा दिसत नाही."

"चेहऱ्यानं वाचत नसतेत, ताई," ते म्हणाले. "तोंडानं वाचतेत. तोंड दिसलं का? मग झालं."

वर्ग पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू होई आणि पाच पस्तीसला संपे. शब्द अर्धा राहिला असला तरी. पाचला का नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "पाचला समदेच निघतेत. गर्दी होती. पाच दहाची गाडी निवांत असती." मुलांना ते अहो-जाहो करत. आठ वर्षांच्या माझ्या मुलीला सईबाई म्हणत. "प्रवाशाला अरे-तुरे करायचं नसतं," हे त्यामागचं कारण. नेटवर्क गेलं तर एका मिनिटाच्या आत त्यांचा साधा फोन येई आणि शिकवणी तशीच पुढे चाले. "गाडी बिघडली म्हणून प्रवासी रानात सोडून द्यायचा असतो का? दुसऱ्या गाडीत बसवून द्यावं लागतं."

त्यांना सर्वांत मोठा राग होता तो 'गुड' या शब्दाचा. मुलाने बरोबर वाचलं की गुड, व्हेरी गुड म्हणायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. सईने एखादा शब्द आवाजांची नीट जोडणी करून म्हटला की ते खाली पाहून वहीत काहीतरी टिपत आणि एकच शब्द बोलत: "पोचली." निलंग्याहून सुटलेली गाडी मुक्कामाला लागली की तिकडच्या स्थानकावरून फोन येई, गाडी पोचली. तेव्हा वहीत खूण व्हायची. तो त्यांच्या नोकरीतला सर्वांत सुखाचा शब्द असावा. ते तो उधळत नसत. पंचवीस मिनिटांत कधी चारदा मिळे, कधी एकदाही नाही. सई त्या एका शब्दासाठी पाय हलवायचे थांबवून बसायची.

मी त्या काळात आणि आजही नांदेडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. त्यातही कविता. वर्गात ओळ वाचून दाखवते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मोबाईल खाली ठेवतात, असा माझा लौकिक होता. आणि माझ्या मुलीला वाचता येत नव्हतं.

तिच्या इंग्रजी शाळेत तिसरी इयत्ता सुरू होऊन दोन महिने झाले होते. सई चित्र बघून शब्द सांगायची. घराचं चित्र असलं की 'हाउस', मग खाली काहीही लिहिलेलं असो. गोष्टी तिला पाठ व्हायच्या; पान कुठे उलटायचं हेही पाठ व्हायचं. बाहेरच्याला वाटावं, काय सुंदर वाचते. ज्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचायची पाळी असे, त्या सकाळी तिच्या पोटात दुखे. दप्तराच्या पट्ट्यांना तिच्या तळहातांच्या घामाचा, ओल्या नाण्यासारखा वास येई. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की मार्चमध्ये त्या स्वतः सईकडून एक न पाहिलेलं पान वाचून घेतील. आलं तर चौथी. नाही आलं तर तिसरीच पुन्हा, नाहीतर दुसरी शाळा. सई बाहेर बाकावर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "मी पुन्हा तिसरीत बसले तर माझ्या बाकावरची अनन्या मला ओळखेल का?"

त्यामुळे पाच दहाची गाडी चुकवण्याचा प्रश्नच नव्हता.

सुरुवातीचे आठवडे आवाजांचे होते. सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा म्हणजे एक अक्षर, चुलीवर फुटणारी ज्वारीची लाही म्हणजे दुसरं. पोळ्यानंतर बैलाच्या गळ्यातली घंटा उतरवून कपाटात ठेवताना होणारा दबका आवाज म्हणजे तिसरं. हे सारं ते ओठांनी करून दाखवत आणि सई समोर करे. आमच्या बैठकीच्या खोलीत संध्याकाळी फुस् आणि फट् यांची जत्रा भरे. मराठी मूल सुट्या आवाजाच्या मागे सवयीने 'अ' लावतं, तो त्यांना खपत नसे. सई 'स' म्हणताना 'सऽ' म्हणाली की पडद्यावरचे ओठ मिटत. "सईबाई, ह्या 'स'च्या पाठीमागं एक माणूस चढला बगा. तिकीट हाय का त्याच्याजवळ?"

"नाही."

"मग उतरवा."

सई खुदकन हसायची आणि पुन्हा म्हणायची, आता बिनशेपटीचं, नुसतं हवेचं. इतकी वर्षं मी अक्षरांशी राहिले. अक्षर कपडे उतरवून असं उभं असलेलं मी पाहिलं नव्हतं.

एकदा मी त्यांना विचारलं, की गाड्यांचा माणूस या कामात कसा शिरला. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. म्हणाले, खिडकीवर लोक यायचे. पाटी समोर, डोळ्यासमोर, आणि विचारायचे, ही गाडी कुठं जाती? "रोज एक-दोघं तरी मनायचे, चष्मा घरीच राहिला. चष्मा नसलेला माणूस डोळे बारीक करतो, ताई. हे लोक डोळे बारीक करायचे न्हाईत. इकडंतिकडं बघायचे, दुसऱ्या कुणी ऐकलं का मनून. चाळीस वर्सं वय, डोईला पटका, आन लेकरावानी लाजायचे." मग म्हणाले, "मी तर नुसतं गाडीचं नाव सांगून मोकळा व्हायचो."

दिवाळी होऊन गेली. सई वाचू लागली होती. मी तिच्या बाबांना, माझ्या आईला, महाविद्यालयात सगळ्यांना सांगत सुटले होते. सर आदल्या दिवशी दुसऱ्या दिवसाचे शब्द मला मोबाईलवर पाठवत. मी त्यांची चिठ्ठी करून ठेवी. वर्ग चालू असताना लॅपटॉपच्या मागे, सईच्या समोर, मी खुर्ची टाकून बसे. हातात चिठ्ठी. सई अडखळली की माझे ओठ हलत. आवाज नाही, फक्त ओठ. मला खरंच वाटत होतं की ही मदत आहे. लहानपणी मी कविता म्हणताना माझी आई पदराआड ओठ हलवायची; मला ते प्रेमाचं रूप वाटायचं, तसंच हे.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी सईने सलग आठ शब्द घडाघडा वाचले. एकदाही 'पोचली' आलं नाही. नवव्या शब्दानंतर स्पीकरमधून आवाज आला. टक्, टक्, टक्. मध्येच, फुंकरीशिवाय.

"सईबाई, मी आज शब्द उलटीकडून दाखवून राहिलोय. शेवटचा पहिला. आन तुम्ही वाचून राहिल्या ते मी काल पाठवलेले, वरून खाली. पाटी एका गावाची आन गाडी दुसऱ्याच गावाला. तुमचे डोळे कुठं जातेत? पडद्याच्या वर काय हाय?"

सईने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"ताई," ते म्हणाले, "समोर या."

मी पडद्यासमोर आले. दोन ओठ मला पाहत होते. दुसरं कसं सांगू.

"लेकरू तुमच्या ओठावरून वाचून राहिलंय. कधीपासून ते मला ठाव न्हाई. माझी मिशी फुकट गेली की."

लाजेने कानशिलं तापली होती, तरी मी विचारलं, "कोणती मिशी?"

त्या संध्याकाळी वर्ग झाला नाही. सई खाली खेळायला गेली आणि त्यांनी मला ती कथा सांगितली. भरघोस मिशी होती त्यांना, तीस वर्षांची. वरचा ओठ पुरता झाकणारी. शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच मुलाने विचारलं, सर, तुम्ही कुठून बोलता? केसांच्या झुडपामागे आवाज कुठून निघतो ते मुलाला दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाव्याकडे गेले आणि मिशी उतरवून आले. डोकं तसंच, फक्त मिशी.

आपल्याकडे मिशी कधी काढतात हे त्यांच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं, पण त्यांनी ते महत्त्वाचं मानलं नाही. घरी नव्वदीला टेकलेले वडील होते, आप्पा. दूधवाल्याने गल्लीच्या तोंडाशीच सायकल थांबवली, मिशीच्या जागेकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कधी झालं?"

"काय?"

"आप्पा."

"आप्पा तुरीच्या शेंगा सोलून राहिले," सर म्हणाले. पण दूधवाल्याला ते दुःखाचं बोलणं वाटलं आणि तो डोळे पुसत पुढे गेला. दुपारपर्यंत चार माणसं दाराशी. संध्याकाळी बिलोलीहून आत्या आली. तिला कुणीतरी फोन केला होता. गल्लीच्या कोपऱ्यापासूनच तिने गळा काढला. आप्पा बाहेर बाजेवर मांडीवर परडी घेऊन बसलेले. बहिणीला पाहून त्यांनी शेंग सोलायची थांबवली आणि म्हणाले, "रडून घे पुरतं. मग च्या घे."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. लोक गेल्यावर मुलाला म्हणाले, "मी जिता असून मिशी काढलीस. मी मेल्यावर काय काढशील?"

"ह्याला उत्तर नव्हतं माझ्याजवळ," सर म्हणाले. "ताई, एवढं करून मी ओठ मोकळे केले. आन लेकरू बगतंय तुमच्या ओठाकडं. आता तुम्हीच सांगा."

मला राग आला होता. तो त्यांच्यावर नव्हता, हे कळायला मला दोन दिवस लागले. मार्चला साडेतीन महिने राहिले होते आणि सई पुन्हा पहिल्या थांब्यावर उभी होती. तिथे तिला मी उभं केलं होतं. तिसऱ्या दिवशी मी फोन करून शिकवणी बंद करू म्हणाले. दुसरी एखादी पद्धत बघते, असं काहीतरी.

"बंद करा," ते म्हणाले. "पण आधी एक आठवडा तुम्ही बाहेर बसा. घराच्या बाहेर. लेकरू आत, दार लावलेलं. आन नुसतं बसू नका. पंचवीस मिनिटांत काय काय ऐकू आलं, त्यातले तीन आवाज मला लिहून पाठवा. सईचा आवाज सोडून."

"मी? मी कशाला?"

"तुमचे ओठ कामात राहिले पायजेत की. न्हाईतर दाराआडून बी हलतील."

अशा रीतीने, प्राध्यापक असलेली मी, आमच्या मजल्याच्या जिन्यात पायरीवर वही घेऊन बसू लागले. पहिल्या दिवशी मी लिहिलं: सायंकाळच्या संथ जलाशयावर पसरत जाणारी शांतता, घरट्याकडे परतणाऱ्या पंखांची कुजबुज, दूरच्या घंटेचा उदास नाद. पाठवलं. उत्तर आलं: "हे ऐकलेलं न्हाई. हे लिहिलेलं हाय. उद्या परत."

मला आयुष्यात इतकं नेमकं परीक्षण कुणी दिलं नव्हतं. मी कविता लिहीत असे, हे त्यांना माहीत नव्हतं. ती लिहिणं चार वर्षांपूर्वी थांबलं, का थांबलं ते कळलं नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर डोळे मिटून बसले. खालच्या घरात कुणीतरी खलबत्त्यात लसूण ठेचत होतं. आधी जड आवाज आणि मग ओलसर. त्यामागून वास वर आला, आवाजापेक्षा थोडा उशिरा. जिन्याखालच्या नळातून थेंब पडत होता आणि बादली भरत आली तसा त्याचा सूर चढत गेला. वरच्या मजल्यावरचे आजोबा चप्पल घालताना एक पाय शोधत होते. तीन आवाज. मी तसेच लिहिले, एकही विशेषण न लावता. उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी समजले की नापास नाही, एवढंच. 'पोचली' हा शब्द त्या दिवसांत त्यांनी मला एकदाही दिला नाही आणि मी, चाळिशीतली बाई, सईसारखी त्याची वाट पाहत होते.

आठवडा संपला. शिकवणी बंद करायचं मी विसरले. डिसेंबर, जानेवारी त्या पायरीवर गेले. फेब्रुवारीत कुणीतरी गच्चीवर हरभऱ्याच्या डहाळ्या भाजल्या, त्याचा धूर जिन्यात उतरला. दारामागून सईचा आवाज येई, पण शब्द कळत नसत. फक्त थांबे कळत. एक आवाज, थांबा. दुसरा आवाज, थांबा. मग लांबच लांब शांतता, जिच्यात पूर्वी माझे ओठ हलले असते. ती शांतता सहन करणं हे मी आजवर केलेलं सर्वांत अवघड काम आहे. ती शांतता सर मोडत नसत. कधी दोन-दोन मिनिटं. आणि मग दाराआडून खालच्या पट्टीतलं, "पोचली."

सुरुवातीच्या आठवड्यांत, मी सईशेजारी बसत असे तेव्हा, कधीकधी पलीकडे आप्पांचा आवाज येई, खरखरीत, मोठा: "कोण हाय?" त्यावर पडद्यावरचं तोंड बाजूला वळे आणि अगदी हळू काहीतरी सांगे. आप्पांना लगेच कळे. या वयात किती तिखट कान, असं मला वाटायचं.

मार्चचा पहिला आठवडा. परीक्षेच्या चार दिवस आधी मोबाईलवर संदेश आला: "आप्पा गेले. गाडी रद्द. सईबाईंना सांगा, थांबे तेच हायत." मी सांत्वनाचं लिहायला बसले, तीनदा खोडलं आणि शेवटी नुसतं "सर" एवढंच पाठवलं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत फिनेलचा वास होता आणि पंख्याची एक पाती घासत होती. सई त्यांच्यासमोर, मी बाजूच्या खुर्चीवर. त्यांनी एक पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं. त्या पानावर चित्र नव्हतं. सईने पानाकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवले. पहिली ओळ आली, हळू, पण आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीत एक लांब शब्द होता. सई त्याच्या पहिल्या आवाजावर उभी राहिली. पंख्याची पाती घासली. पुन्हा घासली. मुख्याध्यापिकांनी पेन उचललं. माझे ओठ उघडले. मी उघडले नाहीत, ते उघडले.

सईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पानावरचं बोट न हलवता दुसरा हात माझ्या दिशेने आडवा धरला आणि म्हणाली, "आई, थांब."

मग तिने तो शब्द फोडला. एकेक आवाज, बिनशेपटीचा, बिनतिकिटाचा माणूस कुठेही चढू न देता. जोडला. पुढच्या शब्दावर गेली. पान संपलं तेव्हा मुख्याध्यापिका तिच्या ओठांकडे पाहत होत्या. "हे कुणी शिकवलं?" त्यांनी मला विचारलं. मी सईकडे पाहिलं. सई म्हणाली, "निलंग्याच्या सरांनी. त्यांना फक्त तोंड आहे."

चौथी मिळाली. हे सरांना सांगायला माझा हात कितीदा फोनकडे गेला. पण दुःखाच्या घरी सुखाची बातमी फोनवरून टाकायची नसते. तेरावं झाल्यावर मी आणि सई लातूरला मैत्रिणीकडे उतरलो आणि तिथून एसटीने निलंग्याला गेलो. वाटेवर उसाच्या ट्रॉल्या होत्या. उन्हात रसाचा आंबूस वास गाडीभर पसरला होता. मी मनात वाक्यं जुळवत होते. ऋण, उजेड, भाषा असे शब्द असलेली वाक्यं.

दारात उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. मुंडन केलेलं डोकं, खोल डोळे. मी क्षणभर ओळखलं नाही. सईने वर पाहिलं, नेमकं त्यांच्या ओठांकडे, आणि म्हणाली, "सर."

"या सईबाई," ते म्हणाले. तोंडाभोवती चेहरा असलेले ते मला गरजेपेक्षा जास्तच वाटले.

बाजेवर आप्पांची घोंगडी घडी करून ठेवली होती. आम्ही खाली सतरंजीवर बसलो. मी दुखवट्याचे दोन शब्द बोलले. सरांनी घोंगडीची घडी सारखी केली.

"दहाव्याला न्हाव्यानं डोकं केलं," ते म्हणाले, "आन वस्तरा घेऊन ओठापाशी थांबला. काढायला काही न्हाई. माझ्याकडं बगू लागला. मी मनलो, पुढं चला, तिथलं आधीच दिलंय." ते थोडं हसले. "आप्पांनी इचारलं होतं की न्हाई, मेल्यावर काय काढशील. तर हे असं."

मग सईला पाण्याचा पेला देत, तिच्याशी बोलावं तसं, म्हणाले, "आप्पांना लई वर्सं ऐकू येत नव्हतं, बरं का. मी ओरडायचो, ते चिडायचे. समदं घर मनायचं, बापलेकाचं पटत न्हाई. मिशी काढली तर आठ दिवस बोलले न्हाईत माझ्याशी. नवव्या दिवशी मी हळूच मनलो, आप्पा, च्या निवून चाललाय. तर मनले, 'तू काय मनतोस ते आता दिसून राहिलंय मला.' " त्यांनी स्वतःच्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं. "तीन वर्सं बोललो बगा आमी. न ओरडता. लेकरांसाठी काढलेली मिशी आन कामाला आली बापाच्या."

आत कुणीतरी चहा गाळत होतं. आल्याचा वास आला. मी त्या घरात बातमीचा एक शब्दही काढला नाही आणि सईलाही गाडीतच सांगून ठेवलं होतं. त्यांनीही विचारलं नाही.

आम्हाला सोडायला ते स्थानकावर आले. लातूरची गाडी लागली होती. पाच दहाची. जाळीच्या खिडकीमागून कुणी तरुण माणूस माइकवर घोषणा करत होता, सरांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "फुंकर घालत न्हाई. घाईत हाय." सई चढून खिडकीशी बसली. मी चढायच्या आधी फलाटावर थांबले. डिझेलचा धूर, भेळेतला कांदा, तापलेल्या पत्र्याची ऊब. वाटेत जुळवलेली सारी वाक्यं जिभेवर होती. मी तोंड उघडलं. ते माझ्या ओठांकडे पाहत होते, सईच्या पाहत तसेच, वाट पाहत, काहीही न सुचवता. आणि मला ऐकू आलं की मी जे बोलणार आहे ते ऐकलेलं नाही, लिहिलेलं आहे.

मी ओठ मिटले. काचेआड सईचे ओठ हलत होते. खिडकीवरची लाल इंग्रजी अक्षरं ती आपली आपण फोडत होती, कुणाला ऐकवायला नाही.

"सर," मी म्हणाले, "सई वाचते."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग गाडीच्या पत्र्यावर नखाने तीन टिचक्या मारल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले:

"पोचली."